करंगळी वर करायची गरज नाही, ताई

वाचकाचं पत्र

माझं वय ५४. धाकट्या भावाने भरलेल्या अर्जावर बऱ्याच वर्षांनी ग्रीन कार्ड मिळालं आणि दीड वर्षापूर्वी आम्ही नवराबायको कॅलिफोर्नियात आलो. मी लॉस एंजेलिसच्या पूर्वेकडच्या इनलँड एम्पायर भागातल्या एका मोठ्या वेअरहाऊसमध्ये एजन्सीमार्फत पिकिंगचं, म्हणजे ऑर्डरप्रमाणे वस्तू काढून देण्याचं, काम करते. सकाळी ६ ते दुपारी साडेचार, आठवड्याचे चार दिवस. हातात स्कॅनर असतो. तो जरा वेळ गप्प राहिला की रेट, म्हणजे माझ्या कामाचा वेग, घसरतो. बाथरूम माझ्या जागेपासून चालत पाच मिनिटांवर आहे. जाऊन येईपर्यंत तेरा मिनिटं सहज जातात. गेल्या महिन्यात लीडने, म्हणजे आमच्यावर देखरेख करणाऱ्याने, बोलावून 'तू फार वेळ गायब असतेस' असं सुनावलं आणि एका कागदावर सही घेतली. दहा मिनिटांचा ब्रेक मिळतो, पण ब्रेकरूमपर्यंत जाण्यायेण्यातच तो संपतो. लंचला सोडतात तेव्हा अकरा वीस झालेले असतात.

मला मधुमेह आहे, त्यामुळे लघवीला वारंवार लागते. म्हणून मी आता सकाळचा चहा बंद केला आहे. दुपारपर्यंत पाणीही पीत नाही. दोनदा लघवीला जळजळ होऊन औषध घ्यावं लागलं. भावाला सांगितलं तर म्हणाला, "ताई, या वयात नोकरी मिळाली हेच खूप आहे, उगाच कटकट नको." तक्रार केली तर ग्रीन कार्डाला काही होईल का? आणि मुलाच्या वयाच्या साहेबाला 'मला लघवीला जायचंय' हे सांगायचं तरी कसं?

— एक वाचक, कॅलिफोर्निया

उत्तर

प्रिय ताई,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. रेट, लीड, सही हे सगळं नंतर बघू. आधी पाण्याचं. उद्यापासून पुन्हा पाणी प्यायला लागा. मधुमेह असलेल्या माणसाने दहा तास चालायच्या कामावर दुपारपर्यंत पाणी न पिणं आणि वर लघवी दाबून धरणं, यातून काय होतं ते दोनदा तुमच्या अनुभवाला आलं आहे. तिसऱ्यांदा ते मूत्रपिंडापर्यंत पोचू शकतं. तेव्हा या आठवड्यात डॉक्टरांकडे जा आणि त्यांना नुसतं 'जळजळ होते' एवढंच सांगू नका. 'कामावर बाथरूमला जाता येत नाही म्हणून मी पाणी पीत नाही' असं पूर्ण वाक्य सांगा. ते त्यांच्या नोंदीत लिहिलं जाऊ दे. या नोंदीचा उपयोग पुढे सांगते.

आता कायदा. तुम्ही ज्याला कटकट समजून गप्प बसलात, नेमक्या त्याच गोष्टीसाठी तुमच्या राज्यात स्वतंत्र कायदा झाला आहे. सप्टेंबर २०२१ मध्ये गव्हर्नर गॅविन न्यूसम यांनी त्यावर सही केली आणि १ जानेवारी २०२२ पासून तो लागू आहे. एबी ७०१ या नावाने तो ओळखला जातो. एका वेअरहाऊसमध्ये १०० किंवा राज्यभरातल्या वेअरहाऊसमध्ये मिळून १,००० कामगार असलेल्या मालकांना तो लागू होतो, आणि एजन्सीमार्फत माणसं घेऊन मालकाला त्यातून अंग काढून घेता येत नाही. तुम्ही वर्णन केलेलं वेअरहाऊस त्यात बसेल असंच दिसतं.

हा कायदा म्हणतो की ज्या कोट्यामुळे (ठरावीक वेळात किती काम व्हायलाच हवं त्या आकड्यामुळे) कामगाराला लंच किंवा ब्रेक घेता येत नाही, बाथरूमला जाता येत नाही, तो कोटा कामगारावर लादता येणार नाही. आणि ताई, पुढचा भाग जणू तुमच्यासाठीच लिहिला आहे: बाथरूमला जाण्यायेण्याला लागणारा वाजवी वेळही यात धरलेला आहे. म्हणजे पाच मिनिटं जायला, पाच यायला आणि तीन आत, ही तुमची तेरा मिनिटं 'गायब' नाहीत. बाथरूम लांब आहे हा इमारतीचा प्रश्न आहे. तो तुमच्या मूत्राशयाने सोडवायचा नाही. उलट कॅलिफोर्नियाच्या कामाच्या जागेच्या नियमांत असं आहे की शक्य असेल तिथे बाथरूम कामाच्या जागेपासून २०० फुटांच्या आत असावं आणि ते कामगारांना सर्व वेळ वापरता यावं. पाच मिनिटांत माणूस २०० फुटांपेक्षा कितीतरी जास्त अंतर चालतो, हे तुम्हाला मी सांगायला नको.

दिवसाचा हिशोब मांडून पाहा. दहा तासांत तीनदा गेलात तर ३९ मिनिटं होतात. तुमचा कोटा ठरवताना ही ३९ मिनिटं कुणी मोजली होती का? बहुतेक नसतील. साधारणपणे कोटा ठरतो तो शिफ्टच्या एकूण मिनिटांवर, आणि मग माणसाच्या शरीराला लागणारा वेळ 'कामाबाहेरचा' म्हणून तुमच्या नावावर चढतो. हीच खोच ओळखून हा कायदा आणला गेला. अशा कोट्यात कमी पडल्याबद्दल कामगाराला शिक्षा करणं, कामावरून काढणं बेकायदेशीर आहे. जो कोटा कामगाराला कधी लेखी सांगितलाच नाही, त्यात कमी पडल्याबद्दलही शिक्षा करता येत नाही.

आणि इथेच तुमच्या हातात एक मोठं हत्यार आहे. तुम्हाला तुमचा कोटा लेखी मिळाला आहे का? तासाला किती वस्तू, आणि तेवढ्या झाल्या नाहीत तर काय होईल, हे कागदावर? नोकरी लागतानाच तो द्यायला हवा होता. पत्रात तुम्ही 'रेट घसरतो' एवढंच लिहिलं आहे, रेट किती ते कुठेच नाही. माझा अंदाज असा की तुम्हालाही तो नक्की माहीत नाही. कामगारांशी बोलताना मला हे नेहमी दिसतं. आकडा लीडच्या पडद्यावर असतो आणि कामगाराकडे असते ती फक्त धास्ती.

तर तो आकडा मागा. मागितल्यावर मालकाला तुमच्या कोट्याचं लेखी वर्णन आणि तुमच्या स्वतःच्या कामाच्या वेगाची गेल्या ९० दिवसांची नोंद २१ दिवसांच्या आत द्यावी लागते. पत्र साधं ठेवा. भाचीकडून किंवा भावाकडून इंग्रजीत लिहून घ्या. मजकूर एवढाच:

"मी अमुक विभागात पिकिंगचं काम करते. मला लागू असलेल्या प्रत्येक कोट्याचं लेखी वर्णन आणि माझ्या कामाच्या वेगाची गेल्या ९० दिवसांची नोंद कृपया द्यावी. एबी ७०१ या कायद्यानुसार ही विनंती करत आहे."

खाली नाव, तारीख. त्यात राग नको, आजाराचं वर्णन नको, लीडची तक्रारही नको. ईमेलने पाठवा, वेअरहाऊसच्या एचआरला आणि एजन्सीलाही. स्वतःच्या फोनमध्ये प्रत राहील असं बघा. ज्या दिवशी पाठवाल ती तारीख घरच्या कॅलेंडरवर ठळक लिहून ठेवा, कारण त्या दिवसापासून आणखी एक संरक्षण सुरू होतं. ही माहिती मागितल्यापासून ९० दिवसांत तुम्हाला काढलं किंवा तुमच्यावर दुसरी काही कारवाई केली, तर ती सूडानेच केली असं कायदा गृहीत धरून चालतो. तसं नव्हतं हे दाखवायचं ओझं मालकावर येतं. कोट्याबद्दल वरिष्ठांकडे किंवा सरकारी कार्यालयात तक्रार केली तरी हेच लागू होतं.

मी तुम्हाला खोटा धीर देणार नाही. कायद्याने गृहीत धरलं म्हणून उद्या कुणी तुम्हाला काढूच शकत नाही, असं नाही. एजन्सीच्या कामगारांना तर 'असाइनमेंट संपली' एवढं सांगून घरी बसवतात. दाद मिळते, पण तिला महिने लागतात, आणि त्या महिन्यांत घरभाडं थांबत नाही. म्हणून हे पाऊल उचलण्याआधी घरी पैशांचा अंदाज घ्या. दुसऱ्या एखाद्या एजन्सीत नाव नोंदवून ठेवा. हे घाबरवायला नाही सांगत, पायाखाली जमीन असली की माणूस नीट उभा राहतो म्हणून सांगते.

आता तुमचा दहा मिनिटांचा ब्रेक. याबाबत कॅलिफोर्नियाचा कायदा देशातल्या बहुतेक राज्यांपेक्षा कडक आहे. दर चार तासांच्या किंवा त्याच्या मोठ्या भागाच्या कामामागे दहा मिनिटांची विश्रांती, पूर्ण पगारासह. साडेचारला सुटून, अर्धा तास लंच वगळून तुमचं काम दहा तासांचं होतं, म्हणजे असे दोन ब्रेक. दहा तासांवर थोडं जरी थांबवून घेतलं तरी तिसरा ब्रेक लागू होतो आणि दुसऱ्या लंचचा प्रश्न येतो, हे लक्षात असू द्या. 'पंधरा मिनिटं थांब ना' असं गोड बोलून थांबवतात तेव्हा हे कुणी सांगत नाही.

ही दहा मिनिटं निव्वळ विश्रांतीची हवीत. राज्याच्या लेबर कमिशनरच्या, म्हणजे कामगार आयुक्तांच्या, कार्यालयाने त्याचा अर्थ असा लावला आहे की विश्रांतीच्या जागी पोचल्यावर घड्याळ सुरू होतं. वाटेत चालण्यात गेलेली मिनिटं त्यातून कापायची नाहीत. त्याच कार्यालयाचं असंही म्हणणं आहे की हा ब्रेक म्हणजे बाथरूमची वेळ नव्हे. ब्रेकबाहेरही, जेव्हा लागेल तेव्हा, वाजवी वेळी बाथरूमला जाता आलं पाहिजे. 'ब्रेकमध्ये का गेली नाहीस?' हा प्रश्न तुम्हाला विचारला असेलच. सगळ्यांनाच विचारतात. त्याचं उत्तर हे आहे.

ब्रेकमध्ये स्कॅनर किंवा वॉकीटॉकी कानाशी ठेवायला सांगत असतील तर तेही चुकीचं आहे. डिसेंबर २०१६ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने सुरक्षारक्षकांच्या एका खटल्यात निकाल दिला. त्या रक्षकांना ब्रेकमध्येही रेडिओ आणि पेजर चालू ठेवावे लागत होते, बोलावणं आलं तर उठावं लागत होतं. न्यायालयाने सांगितलं, बोलावणं येईल म्हणून कान टवकारून बसणं म्हणजे विश्रांती नव्हे. त्या कामगारांच्या बाजूने ठरलेली रक्कम सुमारे ९ कोटी डॉलरची होती. विश्रांतीची किंमत एखाद्या न्यायालयाने अशी मोजून दिली की मला फार बरं वाटतं. आपण स्वतः ती कधीच मोजत नाही.

लंचचं तर सरळ गणित आहे. पाच तासांपेक्षा जास्त काम असेल तर पाचवा तास संपण्याआधी अर्ध्या तासाचा लंच सुरू व्हायला हवा. ६ वाजता पंच केलंत तर ११ च्या आत. तुम्हाला ११.२० ला सोडतात. म्हणजे ज्या ज्या दिवशी असं झालं, त्या प्रत्येक दिवसासाठी मालक तुम्हाला एका तासाचा जादा पगार देणं लागतो. ब्रेक नीट दिला नाही तर त्याचा आणखी एक तास. दिवसाला असे जास्तीत जास्त दोन तास. मागची तीन वर्षं मागता येतात, म्हणजे तुमचं सगळं दीड वर्ष त्यात येतं. पे-स्टब (पगाराच्या पावत्या) काढा आणि 'मील प्रीमियम' (लंच चुकल्याचा जादा पगार) किंवा तसली काही ओळ कधी दिसते का ते बघा. नसेल तर तोही पुरावाच. पंचाची नोंदच उशीर दाखवत असेल, तर नियम मोडला असं आधी धरलं जातं आणि खुलासा मालकाने करायचा असतो, हेही याच राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये स्पष्ट केलं आहे.

उन्हाळ्याबद्दल तुम्ही लिहिलं नाही, पण इनलँड एम्पायर म्हटल्यावर मला तोच आठवतो. जुलै २०२४ पासून कॅलिफोर्नियात बंद जागेतल्या उष्णतेचा नियम लागू झाला आहे. आतलं तापमान ८२ फॅरनहाइटला, म्हणजे साधारण २८ सेल्सिअसला पोचलं की गार जागा द्यावी लागते. अंग तापल्यासारखं वाटलं तर निदान पाच मिनिटं तिथे बसू द्यावं लागतं, आणि तिथपर्यंत जायचा वेळ त्या पाच मिनिटांत धरायचा नाही. आणि पाणी. माणशी तासाला एक क्वार्ट, म्हणजे जवळजवळ एक लिटर पाणी मिळेल अशी सोय हवी आणि ते प्यायला मालकाने कामगारांना उत्तेजन द्यायला हवं. आता सांगा ताई, तासाला लिटरभर पाण्याची सोय करा असं ज्या राज्याचा नियम मालकाला सांगतो, तिथे तुम्ही दुपारपर्यंत घोटभरही न पिता राबता, आणि स्वतःलाच अपराधी समजता. (तुम्ही किती प्यावं ते मात्र तुमच्या डॉक्टरांनाच विचारा.)

आता डॉक्टरांच्या नोंदीकडे येते. एबी ७०१ सगळ्यांसाठी आहे, पण मधुमेहामुळे तुम्हाला एक वेगळा हक्कही आहे. पाच किंवा अधिक कामगार असलेल्या मालकाने आजार किंवा शारीरिक अडचण असलेल्या कामगारासाठी वाजवी सोय करायला हवी आणि ती कशी करता येईल यावर त्याच्याशी बोलायलाही हवं, असं राज्याचा कायदा सांगतो. डॉक्टरांकडून चार ओळींची चिठ्ठी घ्या: 'यांना प्रकृतीच्या कारणामुळे लागेल तेव्हा बाथरूमला जाऊ द्यावं आणि कामावर पाणी जवळ ठेवू द्यावं.' मधुमेह हा शब्दही त्यात असायची गरज नाही. कोणती सोय हवी हे सांगावं लागतं, आजाराचं नाव सांगायची सक्ती नाही. बाथरूमजवळच्या ओळीत काम मिळावं असंही मागता येईल. माझ्या मते तुमच्यासाठी हीच पहिली पायरी. कोट्याचं पत्र त्यानंतर आठवड्याने. डॉक्टरांची चिठ्ठी दिल्यावर बरेचदा एचआर स्वतःच सरळ होतं, कारण तिथे नाही म्हणणं त्यांना महागात पडतं हे त्यांना ठाऊक असतं.

तुम्ही सही केलेल्या त्या कागदाबद्दल मनात धाकधूक ठेवू नका. त्या सहीने तुमचे हे हक्क गेले नाहीत. नोकरीसंबंधी सही केलेल्या कागदाची प्रत मागायचा तुम्हाला हक्क आहे, ती मागून घ्या. पुढच्या वेळी असा कागद समोर आला तर सहीशेजारी स्वतःच्या हाताने 'मी बाथरूमला गेले होते' असं लिहा आणि तारीख घाला. मराठीत लिहिलंत तरी चालेल, वाचणारा वाचून घेईल.

एक वही करा. ती घरी ठेवायची, वेअरहाऊसमध्ये न्यायची नाही. रोज रात्री चार ओळी: किती वाजता पंच केलं, लंच किती वाजता सुरू झाला, ब्रेकला बसायला प्रत्यक्ष किती मिनिटं मिळाली, बाथरूमला किती वेळा गेलात आणि कुणी काय बोललं. बोललेले शब्द जसेच्या तसे. एक गोष्ट मात्र करू नका. लीडचं बोलणं फोनवर चोरून रेकॉर्ड करू नका. कॅलिफोर्नियात खाजगी संभाषण सगळ्यांच्या संमतीशिवाय रेकॉर्ड करणं गुन्हा आहे. आपल्या लोकांना कुणीतरी 'पुरावा पाहिजे, रेकॉर्ड कर' असा सल्ला देतं आणि बाजू खरी असलेला माणूस उगाच अडकतो.

ग्रीन कार्ड. तुम्ही प्रश्न एकाच ओळीत विचारलात, पण सगळ्यात मोठी भीती तीच आहे हे मला कळतं. नाही, ताई. पगाराची, ब्रेकची, बाथरूमची तक्रार राज्याच्या कार्यालयाकडे केल्याने ग्रीन कार्डाला धक्का लागत नाही. कॅलिफोर्नियाचे कामगार कायदे माणसाची कागदपत्रं काय आहेत हे न बघता सगळ्यांना लागू होतात. हक्क मागितला म्हणून मालकाने कुणाला इमिग्रेशनची धमकी दिली, तर ती धमकीच वेगळा कायदेभंग ठरते. तुमच्या ओळीत काम करणाऱ्या ज्यांच्याकडे ग्रीन कार्डही नाही, त्यांनाही हे सांगा. त्या तुमच्याहून जास्त घाबरलेल्या असतील.

तक्रार करायची वेळ आलीच तर दोन दारं आहेत. पैशांचं, कोट्याचं आणि सूडाचं लेबर कमिशनरकडे. बाथरूमच्या सोयीचं, उष्णतेचं आणि सुरक्षिततेचं कॅल-ओशाकडे, म्हणजे कामाच्या जागेची सुरक्षितता बघणाऱ्या राज्याच्या कार्यालयाकडे, आणि तिथे तक्रार करणाऱ्याचं नाव गुप्त ठेवतात. दोन्हीकडे फी नाही, वकील लागत नाही, आणि इंग्रजी येत नसेल तर दुभाषी मागता येतो. मराठी दुभाषी हवा असं पहिल्याच फोनमध्ये सांगा. तक्रारीत एजन्सी आणि वेअरहाऊस चालवणारी कंपनी, दोघांचीही नावं घाला, कारण एजन्सीच्या कामगारांच्या पगाराची जबाबदारी कॅलिफोर्नियात दोघांवरही असते. 'आमचा संबंध नाही, एजन्सीला विचारा' हे उत्तर इथे चालत नाही. सूडाची तक्रार मात्र वर्षाच्या आत करावी लागते.

हे कार्यालय मोठ्या कंपन्यांना हात लावत नाही असंही तुमच्या भावाला वाटत असेल. २०२४ साली लेबर कमिशनरने ॲमेझॉनला मोरेनो व्हॅली आणि रेडलँड्स इथल्या दोन वेअरहाऊससाठी याच कायद्याखाली सुमारे ५९ लाख डॉलरचा दंड ठोठावला. कारण काय, तर कामगारांना कोटा लेखी दिला नव्हता. कंपनीने तो आरोप मान्य केला नाही. पण बघा, दोन्ही गावं तुमच्याच भागातली आहेत.

भावावर रागवू नका. त्याने तुमच्यासाठी कितीतरी वर्षं वाट पाहिली आहे. तुमची नोकरी जाईल, तुम्ही हताश व्हाल आणि त्याचं ओझं आपल्यावर येईल, ही त्याची भीती असणार. त्याला एवढंच विचारा, "तुझ्या ऑफिसात तू बाथरूमला जाताना कुणाला विचारतोस का?"

आणि आता तुमचा शेवटचा प्रश्न, सांगायचं कसं. हा मला कायद्याहून अवघड वाटतो. शाळेत आपण बाईंसमोर करंगळी वर करायचो. तोंडाने शब्दही न उच्चारता. पुढे सासरी, प्रवासात, नोकरीत सगळीकडे आपण तेच करत आलो: अडवून धरायचं, कमी प्यायचं, कुणाला कळू द्यायचं नाही. माझीही या देशातली पहिली नोकरी एका वेअरहाऊसमधल्या पॅकिंगची होती. तिथे चार महिने मी परवानगी मागत होते. सुपरवायझर घड्याळाकडे बघायचा आणि मग मान हलवायचा. एके दिवशी शेजारच्या टेबलवरची एक मेक्सिकन बाई टेप खाली ठेवून माझ्या देखत सरळ निघाली, आणि जाता जाता सुपरवायझरला म्हणाली, "आय ॲम गोइंग टू द रेस्टरूम." त्याने मान वर करून पाहिलं आणि पुन्हा खाली घातली. तोपर्यंत मी रोज 'मे आय गो' म्हणत होते.

ते वाक्य पाठ करा. आय ॲम गोइंग टू द रेस्टरूम. आवाज साधा ठेवायचा. 'सॉरी' लावायचं नाही, कारण सांगायचं नाही, किती मिनिटांत येईन हेही नाही. त्याने विचारलंच, तर म्हणा, "माझ्या डॉक्टरांची चिठ्ठी एचआरकडे आहे." तो तुमच्या मुलाच्या वयाचा आहे ना? मग त्याचीही लाज बाळगायचं कारण नाही. त्याच्याही डोक्यावर कुणीतरी आकडा धरून उभं असतं, आणि तुम्ही तुमचा आकडा लेखी मागितलात तर उद्या त्यालाही तो वर मागता येईल.

इतर राज्यांतल्या वाचकांसाठी दोन ओळी. संघराज्याच्या कायद्यात खाजगी नोकरीत लंच किंवा ब्रेकची सक्ती नाही, पण बाथरूम वापरू देण्याची आहे. नुसतं बाथरूम असून भागत नाही, लागेल तेव्हा जाऊ दिलं पाहिजे, हे ओशाने, म्हणजे कामाच्या जागेची सुरक्षितता बघणाऱ्या संघराज्याच्या कार्यालयाने, १९९८ मध्येच लेखी स्पष्ट केलं आहे. कोट्याबाबत कॅलिफोर्नियासारखे कायदे न्यूयॉर्क, मिनेसोटा आणि वॉशिंग्टन या राज्यांतही झाले आहेत. त्यांचे तपशील वेगळे आहेत, तेव्हा तिथल्या वाचकांनी आपलं राज्य कळवून वेगळं पत्र लिहावं.

ताई, क्रम पुन्हा डोक्यात घोळवत बसू नका. या आठवड्यात फक्त डॉक्टर आणि वही. कोट्याचं पत्र पाठवण्याआधी त्याचा मसुदा मला पाठवलात तर बघून देईन, आणि ती ९० दिवसांची नोंद हातात आली की त्यातले आकडेही आपण एकत्र बसून वाचू.

तुमची,
सदरलेखिका